एसटीची चाकं फिरेनात

गेल्या महिन्यात शाळेत पालकसभा झाली. सगळे पालक निघून गेले तरी एक आई दाराशी घुटमळत उभ्या होत्या. जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, मुलगा नववीत गेलाय. हातात पुस्तक कमी, गाड्याच जास्त. पुठ्ठ्याचे ट्रक करतो, रंगवतो. चाकं फिरली पाहिजेत, दारं उघडली पाहिजेत, म्हणून रात्र रात्र बसतो. त्याचे अब्बा म्हणतात, सगळं उचलून बाहेर फेक. मी काय करू?"

मी म्हटलं, "फेकू नका. आणि कौतुकाच्या भरात तुम्ही स्वतःही रंगवायला बसू नका."

पहिलं वाक्य त्यांना कळलं. दुसरं कळलं नसावं. ते कळायला मला स्वतःला एक हिवाळा लागला होता. तीच हकीकत आज सांगते.

आमचा धाकटा तेव्हा आठवीत होता. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी काहीतरी करायचं होतं. बाकीची मुलं ज्वालामुखी आणि पाणी शुद्धीकरण करत होती. हा म्हणाला, "मी दादाजींची एसटी करणार." माझे सासरे, ज्यांना आम्ही अब्बाजी म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, गुडघे गेले, नजर कमी झाली. पण गल्लीच्या टोकाला हॉर्न वाजला की कोणती गाडी कुठे निघाली हे अजून सांगतात. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी नगर-पुणे मार्गावर धावली, ही तारीख आमच्या घरात वाढदिवसासारखी पाठ आहे.

आता महाराष्ट्रात एसटीच्या छोट्या प्रतिकृती करणारी मुलं पुष्कळ आहेत. सनबोर्डचे तुकडे कापायचे, चिकटवायचे, त्यावर रंग. पण आमच्या लेकाची अट होती की गाडी शोकेसमध्ये ठेवायची नाही. चाकं फिरली पाहिजेत, पुढची चाकं स्टिअरिंगबरोबर वळली पाहिजेत आणि प्रवाशांचं दार उघडलं पाहिजे.

माप ठरवताना पहिली गंमत झाली. त्याला कुठून तरी कळलं होतं की १:२४ हे प्रमाण सोयीचं असतं. म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी गाडी. वर्गात गुणोत्तर-प्रमाणाचं प्रकरण चालू होतं आणि त्यात याला भोपळा मिळाला होता. मी भाषा शिकवणारी, गणितात माझीही मदत बेताचीच. अब्बाजींनी मात्र सगळं फुटांत सांगायला सुरुवात केली आणि कोडं आपोआप सुटलं. एक फूट म्हणजे बारा इंच. त्याचा चोविसावा भाग म्हणजे अर्धा इंच. मग काय, जितके फूट तितके अर्धे इंच. गाडी ३६ फूट लांब, म्हणजे मॉडेल १८ इंच. रुंदी साडेआठ फूट, म्हणजे सव्वाचार इंच. टायर साडेतीन फूट उंच, म्हणजे पावणेदोन इंच. दार अडीच फूट, म्हणजे सव्वा इंच. अब्बाजी खाटेवर बसून डोळे मिटून मापं सांगत होते आणि नातू वहीत लिहून घेत होता. गिअरच्या दांड्याची उंची सांगताना त्यांचा डावा हात आपोआप तेवढ्याच उंचीवर गेला. इतक्या वर्षांनंतरही तो हात जागा विसरला नव्हता.

दुसरी गोष्ट आमच्या सासूबाईंची. आत सीटं बसली, स्टिअरिंग बसलं, तेव्हा मुलाने मातीचा एक ड्रायव्हर करायला घेतला. सासूबाईंनी तस्बीह बाजूला ठेवली. "बेटा, गाडी कर, घर कर, झाड कर. माणसाचा पुतळा नको." मुलगा हिरमुसला. माझ्याकडे बघू लागला.

आपल्या बऱ्याच घरांत हा प्रश्न येतो, म्हणून दोन शब्द. सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. चित्रं काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं की करायचंच असेल तर झाडं कर, ज्यात जीव नाही अशा वस्तू कर. म्हणजे हाताचं कसब सोड, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी कसबाला वाट दाखवली. दुसरीकडे अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहात हजरत आयेशा (रजि.) यांच्या खेळण्यांचा प्रसंग येतो. त्यांच्या खेळण्यांत कापडाच्या तुकड्यांचे पंख लावलेला घोडा होता. घोड्याला पंख कसे, असं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, हजरत सुलेमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकलं नाही का? आणि आपण (स.) मनमोकळे हसलात. मुलांच्या खेळण्यांबद्दल आलिमांची मतं वेगवेगळी आहेत आणि तो वाद सोडवण्याची माझी पात्रता नाही. मला या प्रसंगातलं ते विचारणं आणि ते हसू फार मोलाचं वाटतं. मुलाच्या हातातल्या खेळण्याकडे बघून "हे काय आहे, असं का केलंस" एवढं तरी आपण विचारतो का?

आमच्या घरातला प्रश्न अब्बाजींनी सोडवला. म्हणाले, "ड्रायव्हर कशाला पाहिजे? गाडी स्टँडवर उभी आहे. ड्रायव्हर चहाला उतरलाय." सीट रिकामी राहिली. सासूबाईही खूश आणि नातूही.

आता चुकीकडे येते.

प्रदर्शनाला एक दिवस उरला होता. गाडी बांधून पूर्ण झाली होती. चाकांसाठी सनबोर्डच्या गोल चकत्या एकावर एक चिकटवल्या होत्या. आसासाठी सायकलचा स्पोक, त्याची जाडी २ मिलिमीटर. तो स्पोक ज्या प्लास्टिकच्या नळीत फिरायचा तिचा आतला व्यास थोडा जास्त. दाराला बिजागरी म्हणून टाचणी. बोटाने ढकललं की गाडी फरशीवरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायची. फक्त रंग राहिला होता. मुलाची योजना अशी होती की चाकं आणि दार काढून वेगळे रंगवायचे, वाळू द्यायचे, मग जोडायचे. त्याला दोन दिवस हवे होते, हातात एक रात्र होती. संध्याकाळी त्याला ताप भरला.

मी त्याला गोळी देऊन झोपवलं आणि म्हटलं, काळजी करू नको, मी बघते. त्याने झोपेतच "चाकं काढ, अम्मी" असं काहीतरी म्हटल्याचं आठवतं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र दुसऱ्या दिवशीचं प्रदर्शन होतं. मी स्वतः शिक्षिका, माझ्या मुलाची गाडी बिनरंगाची कशी जाणार? लोक काय म्हणतील? मी हार्डवेअरच्या दुकानातून लाल स्प्रेचा डबा आणला, गच्चीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि अख्ख्या जोडलेल्या गाडीवर रंग मारला. एका हाताने नीट झाकलं गेलं नाही म्हणून लगेच दुसरा, मग तिसरा. रात्री बल्बच्या उजेडात गाडी अशी चमकत होती की मीच माझ्यावर खूश झाले.

सकाळी रंग वाळला होता. चाकं फिरत नव्हती. पुढची वळत नव्हती. दार चौकटीला असं चिकटलं होतं की जणू कधी वेगळं नव्हतंच.

मुलाने उठून गाडी हातात घेतली. एका चाकावर अंगठा ठेवला, ढकललं. मग दुसऱ्यावर. काही बोलला नाही. ताप उतरला होता, तोंड धुतलं, गणवेश घातला आणि गाडी घेऊन गेला. प्रदर्शनात मी लांबून पाहत होते. परीक्षक त्याच्या टेबलाजवळ आले. तक्त्यावर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं की चाकं फिरतात, पुढची वळतात, दार उघडतं. परीक्षकांनी चाकाला बोट लावलं. पुन्हा लावलं. "दिसायला छान आहे," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. "अम्मीने रंगवली म्हणून अडकली," एवढं एक वाक्य तो बोलू शकला असता. बोलला नाही. घरी आल्यावर गाडी कपाटावर ठेवली, कटर आणि पट्टी खोक्यात भरली आणि खोकं पलंगाखाली सरकवलं.

पुढचे कितीतरी आठवडे ते खोकं तिथेच होतं. अभ्यासाला बसायचा, जेवायचा, विचारलं तेवढं बोलायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, मुलगा सुधारला. मला मात्र घर फार शांत वाटू लागलं. अब्बाजी एकदाच म्हणाले, "गाडी हिलतीच नै अब." ते गाडीबद्दल बोलत होते की नातवाबद्दल, मी विचारलं नाही.

आपल्या घरांत आईबाप मुलांची माफी मागत नाहीत. आपण मुलांना सलाम करायला शिकवतो, मोठ्यांची माफी मागायला शिकवतो, पण स्वतः चुकलो तर "बरं, जाऊ दे आता" म्हणून विषय संपवतो. मीही तेच केलं होतं. शेवटी एका रात्री इशानंतर त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "मी तुझी गाडी बिघडवली. घाई मला होती, तुला नव्हती. माफ कर." तो बराच वेळ चादरीचा दोरा ओढत राहिला. मग म्हणाला, "रंग वाईट नव्हता अम्मी. जाड होता."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात गेलो. तिथल्या उस्तादांचा उभा जन्म गाड्या रंगवण्यात गेलेला. त्यांनी आमची एसटी उलटीसुलटी करून पाहिली, हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, पेंटरचं अर्धं काम रंग लावायचं नसतं. जिथे रंग नको तिथे पेपर आणि टेप लावायचं असतं."

मग आमचं शिक्षण सुरू झालं. मुलाने त्यातलं गणित वहीत मांडलं, ते मला आजही पाठ आहे. रस्त्यावरच्या कारच्या पत्र्यावर कारखान्यात जे थर चढतात, ते सगळे मिळून साधारण ०.१ मिलिमीटर भरतात, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा थोडे जाड. मी मारलेला रंग तेवढाच धरला, तरी आमची गाडी चोवीस पट लहान आहे. त्या हिशेबाने खऱ्या एसटीवर तो रंग २.४ मिलिमीटर जाडीचा झाला! एवढा लेप थापल्यावर कुठल्या डेपोतल्या गाडीचं दार उघडेल? आणि आसाचं तर याहून वाईट. स्पोक २ मिलिमीटरचा, नळी २.२ ची. दोन्हींच्या मध्ये सगळीकडून फक्त ०.१ मिलिमीटर मोकळी जागा. फिरण्यासाठी ठेवलेली ती जागाच मी रंगाने भरून टाकली होती. ज्या पोराला गुणोत्तरात भोपळा मिळाला होता, तो हे सगळं मला समजावत होता.

ज्यांच्या घरी असं एखादं पोर आहे त्यांच्यासाठी, उस्तादांनी सांगितलेलं आणि आम्ही करून पाहिलेलं इथे लिहिते.

आधी गाडी रंगाशिवाय पूर्ण जोडून पाहावी. चाक फिरतं का, दार लागतं का, हे कोऱ्या अवस्थेतच तपासावं. बिनरंगाचं जे घट्ट असतं, ते रंगल्यावर अडकणारच. मग हलणारा प्रत्येक भाग सुटा करावा. आस जिथे घासतो तिथे टेप गुंडाळावी, नळीच्या तोंडात कापसाचा बोळा घालावा. बिजागरीची टाचणी आणि तिचं भोक रंगापासून दूर ठेवावं.

रंगाआधी बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा, पुसून कोरडं करावं, बोटांचं तेल लागू देऊ नये. मग प्रायमरचा पातळ हात. लाल रंगाखाली पांढरा प्रायमर असला तर लाल खुलतो, राखाडीवर तोच लाल मळकट दिसतो. दोन रंग असतील तर फिका आधी. अब्बाजींना गाडीवर पिवळा पट्टा हवा होता. म्हणून पहिल्यांदा पिवळा मारला, वाळल्यावर पट्ट्याएवढी टेप चिकटवून तिच्या कडा नखाने दाबल्या आणि वरून लाल.

स्प्रेचा डबा दोन मिनिटं नीट हलवावा. साधारण वीतभर लांबून, गाडीच्या अलीकडे सुरू करून गाडीच्या पलीकडे थांबवावा. पहिल्या हातात खालचा पांढरा दिसत राहिला तरी चालतो, दिसलाच पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा पातळ हात, मग तिसरा. एकदम झाकायला गेलं की ओघळ येतात आणि फटी बुजतात. पावसाळी दमट हवेत हे काम काढू नये, रंगावर पांढुरकी छटा येते. थर्माकोलवर तर स्प्रे कधीच थेट मारू नये. रंगातलं द्रावक थर्माकोल खाऊन टाकतं. आधी फेव्हिकॉलचा हात देऊन तो पूर्ण वाळू द्यावा.

चाकाची रिंग रंगवण्याची युक्ती मुलाने शोधली. चाक टूथपिकवर बसवायचं, ब्रश स्थिर धरायचा आणि चाक फिरवायचं. वर्तुळ आपोआप नेमकं उमटतं. सगळं वाळायला पूर्ण एक दिवस द्यायचा, मग जोडायचं. आसाला तेल लावायचं नाही, तेल रंग बिघडवतं. पेन्सिलीचं टोक घासून जी काळी पूड निघते ती लावायची. आपण तिला शिसं म्हणतो, पण ते असतं ग्रॅफाइट आणि कोरडं वंगण म्हणून उत्तम काम करतं.

दोन सूचना आईच्या. स्प्रे आणि थिनर स्वयंपाकघरात, गॅसजवळ किंवा बंद खोलीत अजिबात नको. गच्ची किंवा अंगण बरं, आणि तोंडाला मास्क. दुसरी वुजूची. ऑइलपेंट नखांवर, बोटांवर सुकला की त्याचा पापुद्रा बसतो आणि पाणी कातडीपर्यंत पोहोचत नाही. तो काढल्याशिवाय वुजू होत नाही. थिनरने हात घासणं कातडीला वाईट, म्हणून हातमोजे आधीच घालावेत. आमच्याकडे अस्रची अजान झाली की मुलगा हातमोजे काढतो, सासूबाई दाराशी उभ्या राहून नखं तपासतात.

आमच्या जुन्या गाडीचं काय केलं? ब्लेडने दाराच्या कडेचा रंग कापला, चाकं ओढून काढली, स्पोक पॉलिश पेपरने घासून लखलखीत केला, माझा तो चमकदार लाल थर खरवडला. या सगळ्याला तीन रविवार गेले. मी फक्त टेप फाडून देण्याचं आणि चहाचं काम केलं. हात शिवशिवत होते, पण आवरले.

रंग झाल्यावर अब्बाजींना गाडी दाखवली. त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि नाक मुरडलं. "एवढी स्वच्छ गाडी फक्त सकाळी डेपोतून निघताना असते. संध्याकाळची कर." मग तेच सांगत गेले. चिखल कुठे उडतो, तर चाकांच्या मागे. काचेवर धूळ सगळीकडे, पण वायपर फिरतो तेवढा पंखा स्वच्छ. दाराच्या दांडीवरचा रंग उडालेला, कारण रोज शेकडो हात तिथे पडतात. पायरी मधोमध झिजलेली. आणि घाटातली गाडी म्हटल्यावर खिडकीखाली ओघळ असणारच. यावर सासूबाई "तौबा तौबा" म्हणून आत निघून गेल्या. मुलाने तपकिरी खडूची पूड करून सुक्या ब्रशने ती धूळ बसवली. ओघळसुद्धा काढले, दोनच. तोवर मला वाटायचं, रंगवणं म्हणजे झाकणं. त्या दिवशी दिसलं की रंग कुठे उडालाय त्यावरून गाडी किती चालली हे कळतं.

मुलांच्या अशा गाड्यांना नाक मुरडणाऱ्यांसाठी एक खरी गोष्ट सांगते. लंडनमध्ये १९४७ साली लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोघांनी लेस्नी नावाचा लहानसा कारखाना काढला. जॅक ओडेल हे त्यांचे भागीदार. ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत नियम होता की काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. बापाने तिच्यावर रागावण्याऐवजी पितळेचा एक इवलासा रोड रोलर करून दिला. १९५३ पासून मॅचबॉक्स या नावाने ज्या गाड्या जगभर गेल्या, त्यांच्या मालिकेतला एक नंबर म्हणजे रोड रोलरच. आमच्या शाळेतही खेळणी आणायला बंदी आहे आणि ती मीच मोडू देत नाही. पण नियमात बसेल असं काहीतरी मुलाला करून देणारा बाप मला फार आवडला.

आता त्या आईंचा प्रश्न. अभ्यासाचं काय? मी वेळ बांधून दिली आहे. रोज अभ्यास आणि नमाज झाल्यावर एक तास, रविवारी तीन. परीक्षेच्या महिन्यात खोकं बंद. पैशांनाही मर्यादा, महिन्याला ठरलेल्या रकमेपलीकडे रंग नाही. त्याला गणितात आता पहिला नंबर मिळतो, असं मी सांगणार नाही. मिळत नाही. पण गुणोत्तर आलं की घाबरत नाही. आणि रंग वाळेपर्यंत थांबायचं असतं, हे ज्या पोराला कळलं त्याला पुढे पुष्कळ काही कळेल, इन्शाअल्लाह.

पण आयांनो, शिक्षकांनो, खरं औषध आपल्याला घ्यायचं आहे. प्रदर्शन, प्रकल्प, वह्यांची सजावट यांत आजकाल मुलांपेक्षा आईबापांचे हात जास्त दिसतात. वर्गात मी रोज पाहते. वस्तू देखणी असते आणि तिच्याबद्दल विचारलं की मूल गप्प. आपण वरून चकचकीत थर देतो आणि आत जे फिरायला हवं तेच अडकतं. वाकडं असलं तरी त्याचं काम त्याला पूर्ण करू द्यावं. बिनरंगाची गाडी प्रदर्शनात गेली असती तर काय बिघडलं असतं? चाकं तर फिरली असती.

एसटी आता अब्बाजींच्या खाटेशेजारच्या कोनाड्यात असते. नजर कमी झाली तरी ते अंगठ्याने चाक फिरवून पाहतात. ड्रायव्हरची सीट अजून रिकामीच आहे.

त्या आई निघायला लागल्या तेव्हा मी सहज विचारलं होतं, "मुलाचे अब्बा काय करतात?"

"ट्रकवर असतात," त्या म्हणाल्या. "महिन्यातले वीस दिवस बाहेरच."

मी म्हटलं, "मग या खेपेला घरी आले की मुलाला त्यांच्यापुढे वही घेऊन बसवा. ट्रकचं दार किती फुटांचं असतं, हे त्याला त्यांनाच विचारू दे."